आंबट सोबत न्यावं, मासा तिथला घ्यावा

तीन वर्षांपूर्वी नागपुरातल्या एका हॉटेलात मी ‘मालवणी बांगडा करी’ मागवली. बांगडा चांगला होता. मांस घट्ट, काट्यापासून अलगद सुटणारं. वाटणात नारळही होता. पण पहिल्याच घासाला कळलं, आंबटपणा टोमॅटोचा आहे आणि तिरफळ कुठेच नाही. ज्या माशाला बर्फात पुरून आठशेहून जास्त किलोमीटर आणावं लागतं, तो व्यवस्थित पोचला होता. जी आमसुलं आणि तिरफळं साध्या पुडीत बांधली तरी वर्षभर टिकली असती, ती मात्र किनाऱ्यावरच राहिली होती.

मी मालवणजवळच्या खेड्यात वाढले. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ पडलं नसेल तर आजी ते ताटात घ्यायची, पण नाव बदलून. ‘ह्या तिखला नाय, नुसतो मसाल्यातलो बांगडो.’ तिचं म्हणणं मला तेव्हा हट्टाचं वाटायचं. नागपुरातल्या त्या जेवणानंतर ते विचार करण्यासारखं वाटू लागलं. किनाऱ्यावरचा पदार्थ जेव्हा दूरच्या गावी पोचतो, तेव्हा नेमकं काय पोचायला हवं? मासा, मसाला, रांधणारे हात, की आणखी काही? याचं उत्तर शोधताना थोडं रसायनशास्त्र, थोडा मुंबईचा इतिहास आणि बरीचशी सुकी मासळी वाटेत लागते.

वास येतो कुठून, जातो कुठे

समुद्राच्या खाऱ्या पाण्यात शरीरातल्या पेशी शाबूत राहाव्यात म्हणून समुद्री मासे अंगात काही खास द्रव्यं साठवतात. त्यांतलं एक ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड. या द्रव्याला स्वतःचा वास नसतो. मासा मेला की त्याच्या अंगावरचे आणि पोटातले जिवाणू कामाला लागतात आणि त्यापासून ट्रायमिथाइल अमाइन तयार होतं. आपण ज्याला ‘मासळीचा वास’ म्हणतो, तो मुख्यतः याचा. ताज्या मासळीला हा वास जवळजवळ नसतोच, तास उलटतात तसा तो चढत जातो. मोरीच्या, म्हणजे शार्कच्या अंगात तर युरियाही भरपूर असतो आणि त्यातून अमोनिया सुटतो. नीट न राखलेल्या मोरीला डोळ्यांत जाणारा उग्र दर्प येतो तो त्यामुळे.

ट्रायमिथाइल अमाइन आणि अमोनिया दोन्ही अल्कधर्मी आहेत. आंबट पदार्थातल्या आम्लाशी त्यांचा संयोग झाला की क्षार तयार होतात, आणि क्षार हवेत उडत नाहीत. नाकापर्यंत पोचणारा वासच कमी होतो. तळलेल्या माशावर लिंबू पिळतात ते याचसाठी. गोव्यात मोरीचं कालवण ‘आंबोट-तीक’ म्हणून करतात आणि नावातच आंबट आधी येतं, त्यालाही हाच आधार आहे. कोकणातल्या बायकांनी हे शेकडो वर्षं हाताने केलं, प्रयोगशाळेने त्याचं कारण नंतर सांगितलं.

गोड्या पाण्यातल्या माशांत हे ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड अगदी थोडं असतं. त्यांना येतो तो चिखलाचा, ओल्या मातीचा वास. पाण्यातले काही जिवाणू आणि शेवाळी जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, ते माशाच्या अंगात मुरतं. गंमत अशी की आम्लात जिओस्मिनही टिकत नाही. म्हणजे आमसूल बांगड्याला उपयोगी आहे आणि रोहूलाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

कोकम आणि तिरफळ

कोकमाचं फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं. त्याची साल फळाच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवली की आमसूल तयार होतं. मालवणीत त्याला सोलं म्हणतात. चिंचेचा आंबटपणा दाट असतो, कालवणाचा रंग आणि पोत बदलतो. टोमॅटोच्या आंबटपणात गोडी मिसळलेली असते आणि ती नारळाच्या गोडीवर जाऊन बसते. आमसुलाचा आंबटपणा पातळ आणि सरळ असतो, तो नारळाला धक्का लावत नाही. म्हणून नारळाच्या वाटणाशी त्याचं इतकं जुळलं.

तिरफळाचं झाड काटेरी, खोडावर जाड काटे असलेलं. फळ मिरीएवढं किंवा थोडं मोठं, वाळल्यावर आपोआप तडकतं आणि आतली काळी चकचकीत बी दिसते. ती बी काढून टाकायची, वापरायची ती फक्त साल. चीनमधल्या सिचुआन प्रांतातल्या जेवणात जीभ बधिर करणारी मिरी वापरतात, ती आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली. दोन्हींत जिभेवर झिणझिण्या आणणारी द्रव्यं आहेत. कोकणात तिरफळ सगळ्याच माशांना घालत नाहीत. बांगडा, तारली अशा तेलकट माशांत ते पडतं. पापलेटाच्या कालवणात कोणी घातलं तर घरातली म्हातारी माणसं भुवया उंचावतात. तेलकट माशातली चरबी हवेशी संयोग होऊन लवकर खवट होते, तिचा वासही जड असतो. तिरफळाचा संत्र्याच्या सालीसारखा तीव्र गंध त्या जडपणावर मात करतो.

इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी, कारण ती दूरच्या गावी बांगडा खाणाऱ्यांच्या कामाची आहे. बांगडा, कुपा यांसारख्या माशांत हिस्टिडिन नावाचं द्रव्य जास्त असतं. मासा पकडल्यावर बर्फात न ठेवता उबेत राहिला तर जिवाणू त्यापासून हिस्टामिन तयार करतात. असा मासा दिसायला आणि वासाला ठीक असू शकतो, आणि शिजवल्याने हिस्टामिन नष्ट होत नाही. जिभेला मिरीसारखं चुरचुरतं, मग चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर पित्तासारख्या गांधी उठतात. तेव्हा तिरफळ न घातलेल्या बांगड्याने जीभ चुरचुरली तर तो घास तिथेच थांबवावा.

आधी घाट चढली ती सुकी मासळी

उष्ण हवेत ताजा मासा काही तासांत बिघडू लागतो. वितळणाऱ्या बर्फात, म्हणजे शून्य अंशाच्या आसपास ठेवला तर तोच आठवडाभर, काही जाती त्याहूनही जास्त दिवस टिकतात. आपल्याकडच्या उन्हात एक किलो मासळीला एक किलो बर्फ, असा ढोबळ हिशेब बंदरावर सांगतात. बर्फाचे कारखाने आणि वेगवान रस्ते येण्याआधी आंबोली, फोंडा, गगनबावडा, आंबा, कुंभार्ली या घाटांवरून देशावर जायची ती सुकी मासळी.

सुकवणं म्हणजे पाणी काढून घेणं. जिवाणूंना जगायला पाणी लागतं. ते नसेल तर मासा महिनोन्‌महिने राहतो. बोंबील याचं उत्तम उदाहरण. ताज्या बोंबलाच्या वजनात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून तो हातात धरला तरी लुळा पडतो. वसई, अर्नाळा, वेसावे, सातपाटी अशा कोळीवाड्यांत बांबूंच्या वलांडीवर बोंबलाच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून टांगतात आणि ऊन-वाऱ्यावर वाळवतात. मीठही लागत नाही. काही दिवसांत मऊ मासा काडीसारखा कडक होतो.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ती यायच्या आधी आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची खरेदी होते. सुके बोंबील, सुकट, जवळा, सोडे, खारा बांगडा डब्यांत भरून ठेवतात. हीच मासळी कोल्हापूर, कराड, साताऱ्याकडच्या आठवडी बाजारांतही पसरलेली दिसते, पोत्यांवर ढीग लावून. देशावरच्या माणसांनी ती आपल्या पद्धतीने घेतली. तिथे नारळ महाग, म्हणून शेंगदाणे आले, लसूण वाढला. बोंबील निखाऱ्यावर भाजून लाल मिरची आणि लसणाबरोबर ठेचला आणि ज्वारी-बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ला. समुद्र न पाहिलेल्या कितीतरी शेतकरी घरांत ‘सुकट-भाकरी’ हे घरचंच जेवण आहे. तिला कोणी कोकणी पदार्थ म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. मासळी किनाऱ्याची, पदार्थ घाटावरचा.

बोंबील याहून लांबही गेला. ब्रिटिशांनी त्याला ‘बॉम्बे डक’ म्हटलं. हे नाव रेल्वेच्या डाकगाडीवरून पडलं अशी एक लाडकी गोष्ट सांगतात. पण मुंबईहून पहिली रेल्वे सुटली १८५३ मध्ये, आणि हे नाव त्याआधीच्या इंग्रजी मजकुरात सापडतं. पुढे इंग्लंडमधल्या भारतीय हॉटेलांत करीवर कुस्करून घालायला सुका बोंबील लागू लागला. १९९७ मध्ये युरोपीय आयोगाच्या नियमांमुळे तो तिथे मिळेनासा झाला, कारण भारतातून मान्यताप्राप्त कारखान्यांत प्रक्रिया झालेलीच मासळी आणायची असा नियम होता, आणि बोंबील वाळतो उघड्यावर, दोरीवर. तिथल्या शौकिनांनी त्यासाठी मोहीम चालवली. शेवटी नियमाचा अर्थ सैल झाला. मासा उघड्यावर वाळला तरी चालेल, मात्र त्याचं पॅकिंग मान्यताप्राप्त ठिकाणी व्हावं, असं ठरलं. कोळीवाड्यातल्या वलांडीची बाजू युरोपच्या कार्यालयांत मांडावी लागली आणि ती ऐकली गेली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

हाच मासा बंगालच्या उपसागरातही मिळतो. कोलकात्यात त्याला लोटे आणि चितगावकडे लोइट्टा म्हणतात. मुंबईत बोंबील दाबून पाणी काढून रव्यात घोळवतात आणि कुरकुरीत तळतात. बंगालमध्ये त्याच्या मऊपणाशी झगडत नाहीत. कांदा, लसूण, मिरचीबरोबर तो पार मोडेपर्यंत शिजवतात आणि काटे काढून कोरडी ‘झुरी’ करतात. एकच मासा, पण मुंबईचा माणूस कोलकात्यात बोंबील शोधायला गेला तर त्याला त्याचा पदार्थ सापडणार नाही, दुसऱ्या कोणाचा तरी सापडेल. मला वाटतं तोही तितक्याच आदराने खावा.

‘मालवणी’ ही पाटी कुठे तयार झाली

आता माणसांकडे येऊ. मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ मध्ये झाली आणि पुढच्या काही दशकांत लालबाग, परळ, शिवडी, वरळीचा पट्टा गिरणगाव झाला. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गासकट, हजारो माणसं गिरण्यांत आली. बरीचशी बोटीने यायची. बायकामुलं गावी, पुरुष चाळीतल्या खोलीत आठ-दहा जण मिळून. त्यांच्या जेवणाची सोय केली ती खानावळ चालवणाऱ्या बायकांनी. स्वतःच्या दहा बाय दहाच्या खोलीत त्या वीस-पंचवीस माणसांचं रांधत. या बायका सावकारी व्याजात अडकल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

मासळी मुंबईतच मिळत होती. १८७५ मध्ये बांधलेला ससून डॉक जवळच होता. गावाहून येत होती ती आमसुलं, तिरफळं, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ आणि मसाला. सुट्टीवरून परतणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या पिशवीत हे असायचंच. म्हणजे दूर गेलेल्या पदार्थाचं सूत्र गिरणगावातल्या खानावळीने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. मासा जिथे राहतो तिथला, आंबट आणि वास गावचा.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या हळूहळू बंद पडल्या आणि खानावळीही ओसरल्या. त्याच्या पुढच्या काळात मुंबईत ‘मालवणी’ नावाची हॉटेलं वाढली, मग ठाणे, पुणे, नाशिक आणि आता नागपूर. या हॉटेलांच्या फळ्यावर पहिल्या ओळीत बोंबील फ्राय असतो. बोंबील प्रामुख्याने गुजरात आणि उत्तर कोकणच्या पाण्यातला मासा आहे, रत्नागिरीच्या खाली तो विरळ होत जातो. माझ्या लहानपणी आमच्या गावात ताजा बोंबील क्वचितच दिसायचा. तो मालवणी फळ्यावर आला मुंबईत, कोळ्यांच्या शेजाराने. म्हणजे आपण नागपुरात ज्याला ‘मालवणी’ म्हणून शोधतो, तो स्वयंपाक आधीच एक घर बदलून आलेला आहे. त्यात मालवण आहे आणि वेसाव्याचा कोळीवाडाही आहे. हे समजलं की ‘अस्सल’ या शब्दाबद्दलचा आग्रह थोडा मवाळ होतो.

दूरच्या हॉटेलात सुरमई, पापलेट आणि कोलंबीच का असते, याचंही कारण आहे. हे मासे महाग असल्याने वाहतुकीचा खर्च सोसतात, काट्याला सोपे आहेत आणि गोठवून ठेवले तरी बरे राहतात. तारल्या, पेडवे, मुडदुशी ही किनाऱ्यावरची रोजची मासळी. ती लहान, नाजूक, स्वस्त, तेलकट. गोठवली की खवट होते, आणि तिच्यासाठी कोणी बर्फाची गाडी भरत नाही. मालवणच्या घरात सुरमई पाहुण्यांसाठी असते आणि तारल्या आपल्यासाठी. दूरच्या गावी फक्त पाहुण्यांचं जेवण पोचतं.

इतर किनारे, इतर खुणा

प्रत्येक किनाऱ्याची अशी एक खूण असते आणि बहुतेक वेळा ती कोरडी, हलकी, पिशवीत मावणारी असते. केरळातल्या लाल मीन करीत कुडमपुळी पडते. ती कोकमाच्याच कुळातली, पण धुरावर वाळवलेली, म्हणून काळी आणि धुरकट. नेल्लोरच्या चेपल पुलुसूत चिंच आणि कैरी. बंगालच्या इलिशमध्ये मोहरीचं वाटण. दिल्लीतलं चित्तरंजन पार्क हे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी १९६० च्या दशकात वसलेलं. समुद्रापासून हजारभर किलोमीटर दूर असलेल्या त्या वसाहतीत रोज मासळीबाजार भरतो. तिथे इलिश, म्हणजे हिल्सा, विळीवर उभा चिरून मिळतो. हिल्साला अंडी घालायला समुद्रातून नदीत यावं लागतं, त्यामुळे तो फक्त बंगालचा नाही. आपल्याजवळच्या नर्मदेच्या मुखाशीही तो पकडला जातो आणि तिथून कोलकात्याला रवाना होतो. गुजरातच्या खाडीतला मासा बंगाली माणसाच्या मोहरीत शिजतो, आणि तो पदार्थ बंगालीच असतो.

रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेले बेने इस्रायली, ज्यांना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत, १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. अश्दोद, लोद, दिमोना इथे त्यांची वस्ती आहे आणि तिथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघत आलं आहे. यहुदी धर्माप्रमाणे त्यांना पर आणि खवले असलेलाच मासा चालतो, म्हणून कोलंबी, खेकडा, तिसऱ्या त्यांच्या ताटात कधीच नव्हत्या. पण नारळाचं कालवण होतं. धर्माने मांस आणि दूध एकत्र करायला मनाई आहे, नारळाच्या दुधाला मात्र ती लागू नाही. कोकणचा नारळ त्यांच्या नियमात चपखल बसला आणि भूमध्य समुद्राच्या काठावरही टिकला. मासा बदलला, वाटण राहिलं.

आणि काही पदार्थ उलट दिशेने आले. गोव्याचं कोलंबीचं बालशांव आपण गोव्याचंच मानतो. त्याचं नाव मलय भाषेतल्या ‘बलाचान’ या आंबवलेल्या जवळ्याच्या गोळ्यापासून आलं, पोर्तुगीज गलबतांबरोबर मकावमार्गे गोव्यात पोचलं. गोवेकरांनी त्यात लाल मिरची आणि माडाच्या ताडीचं व्हिनेगर घातलं. व्हिनेगरमुळे ते आठवडे टिकतं. आज लिस्बनमधल्या गोवेकरांच्या घरी बालशांवची बरणी असते, तेव्हा हा पदार्थ तिसऱ्यांदा घर बदलत असतो. सगळीकडे त्याला टिकवलं ते आंबटाने.

शोधायचं कसं

दूरच्या गावी आपल्या किनाऱ्याचा मासा हवा असेल तर पाटी वाचून आत शिरू नये. मी आता तीन गोष्टी विचारते. पहिली, ‘आंबटाला काय घालता?’ आमसूल, कैरी, बिंबलं, चिंच यांपैकी काहीही सांगितलं तर स्वयंपाकघरात कोणीतरी जाणतं आहे. दुसरी, ‘आज काय आलंय?’ फळ्यावरचं सगळं रोज मिळतं असं सांगणारं हॉटेल शीतपेटीवर चालतं. ‘आज फक्त हलवा आणि मांदेली’ असं सांगणाऱ्याकडे निश्चिंत बसावं. तिसरी, ‘बांगडा आहे का, आणि तिरफळ घालता का?’ या प्रश्नाला येणारा चेहरा पुरेसा असतो.

हॉटेलांपेक्षा माणसं शोधणं जास्त फळतं. मोठ्या शहरांत कोकणी मंडळं असतात, त्यांचे मालवणी महोत्सव होतात, घरगुती डबे देणाऱ्या बायका असतात. दिल्लीत राज्यांच्या सदनांमधली उपाहारगृहं आहेत. वेळही पाहावी. श्रावणात कोकणी माणूस स्वतःच मासे खात नाही, आणि जून-जुलैत किनाऱ्यावरही ताजी मासळी कमी असते. त्या दिवसांत सुक्या मासळीचे पदार्थ मागावेत. सोड्याची खिचडी आणि वांग्यातलं सुकट यांना लांबच्या प्रवासाने काही उणं येत नाही.

आणि घरी करायचं असेल तर तिथला मासा बिनधास्त घ्यावा, आमसूल गोड्या पाण्यातल्या माशालाही उपयोगी आहेच. विदर्भात मरळ मिळते. तिचं मांस घट्ट आणि काटे कमी, नारळाच्या वाटणात ती छान राहते. रोहूची चव गोडसर, पण काटे बारीक, म्हणून तुकडे जाड ठेवावेत. वाटण आधी उकळू द्यावं, मग मासा, मग अर्ध्या किलोला पाच-सहा आमसुलं. मासा तेलकट असेल तरच तिरफळ. चार-पाच तिरफळांची बी काढून साल हलकी ठेचावी, थोड्या पाण्यात कालवून शेवटी सोडावी. वाटणात वाटू नये, कडवट होतं.

विदर्भाला मासा शिकवायची कोणाला गरज नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो मालगुजारी तलाव आहेत, बरेचसे कोहळी समाजाने बांधलेले. त्यांत मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचं माशांचं ज्ञान आमच्या किनाऱ्यावरच्या गाबित मच्छीमारांइतकंच खोल आहे. तो स्वयंपाक समुद्राचा नाही, इतकंच.

मागच्या वर्षी त्याच नागपूरच्या हॉटेलात पुन्हा गेले. आता समृद्धी महामार्गाने मुंबई ७०१ किलोमीटरवर आली आहे, मासळी पूर्वीपेक्षा लवकर पोचते. मी सोबत तिरफळांची आणि आमसुलांची पुडी नेली होती. स्वयंपाकी भाऊ बाहेर आले. मूळ भंडाऱ्याकडचे. एक तिरफळ चावून पाहिलं आणि म्हणाले, ‘ताई, हे काय होय? जीभच झोपली.’ कुठल्या माशात, केव्हा, किती घालायचं ते त्यांनी बारकाईने विचारून घेतलं. मग म्हणाले, आमच्या घरी मासोळीत चिंच नाही तर आंबाडी घालतात. मी आंबाडी भाजीत खाल्ली होती, माशात कधी नाही. निघताना त्यांनी कागदात बांधून आंबाडीची सुकी फुलं दिली.

मे महिन्यात ती पुडी मी मालवणला नेली. आईने वास घेतला, एक पाकळी जिभेवर ठेवली, काही बोलली नाही. संध्याकाळी तारल्यांच्या सारात आमसुलाऐवजी तीच पडली. सार नेहमीपेक्षा लाल झालं होतं. तिरफळं मात्र तिने आपली घातली होती.